बदलीच्या मुलांची शाळा: परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांचे एक परीक्षण

परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळांविषयी जे लिहिले जाते त्यात तरणतलाव, नाट्यगृहे आणि प्रयोगशाळा यांची वर्णने पुष्कळ असतात, आणि ती बहुधा खरीही असतात. परंतु ज्या कुटुंबांसाठी या शाळा मुळात निघाल्या त्यांना या वर्णनांचा फारसा उपयोग होत नाही. नोकरीनिमित्त दर दोन-चार वर्षांनी देश बदलणाऱ्यांचा संसार म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. त्यातले मूल एका इयत्तेच्या मध्यावर शाळेत येते आणि दुसऱ्या एखाद्या इयत्तेच्या मध्यावर तिथून निघते. या ये-जा करण्यात त्याचे शिक्षण कितपत अखंड राहते, एवढ्याच एका निकषावर प्रस्तुत परीक्षण केलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: अभ्यासक्रमाच्या बाबतीत या शाळा एकंदरीत चांगल्या आहेत, भाषेच्या बाबतीत मध्यम आहेत, आणि मुलाला निरोप देण्याच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी बेफिकीर आहेत. शुल्क अर्थातच तिन्ही गोष्टींचे घेतले जाते.

आमची मुले वेगवेगळ्या देशांतील अशा शाळांतून शिकली आहेत, आणि प्रवेशाच्या मुलाखतीपासून पालक समितीच्या बैठकांपर्यंतचा कारभार मला जवळून पाहता आला आहे. पुढे जी तक्रार येईल ती कोणा एका शाळेविषयी नसून या व्यवस्थेच्या घडणीविषयी आहे, असे समजून ती वाचावी.

या शाळांचा उगम पाहिला तर वरचा निकष माझ्या मनचा नाही हे ध्यानात येईल. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा १९२४ साली सुरू झाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामा येथेही परदेशी व्यापारी आणि अधिकारी कुटुंबांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. पुढे १९६८ मध्ये जिनिव्हातच इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी ही संस्था स्थापन झाली, कारण एकाच वर्गात बसलेल्या मुलांना निरनिराळ्या देशांच्या विद्यापीठांत प्रवेश हवा होता आणि प्रत्येकासाठी वेगळ्या परीक्षेची तयारी करून घेणे शाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. दुसऱ्या देशात नेता येईल असे शिक्षण, हेच या शाळांनी पहिल्यापासून देऊ केलेले आहे.

आज जगभरात अशा शाळांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि त्यांच्या पटावर स्थानिक कुटुंबांची मुले बहुसंख्येने आहेत. मलेशियाने स्थानिक विद्यार्थ्यांवरची ४० टक्क्यांची मर्यादा २०१२ मध्ये उठवली. याउलट चीनमध्ये परदेशी नोकरदारांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांना चिनी नागरिकांना प्रवेश देता येत नाही, आणि सिंगापूरच्या नागरिकांना अशा शाळेत मूल घालायचे असेल तर शिक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. पालकाला हे नियम कोरडे वाटतील, पण शाळेचा स्वभाव त्यांवरून ठरतो. ज्या शाळेतील बहुतेक मुले बालवर्गापासून बारावीपर्यंत एकाच ठिकाणी राहतात तिथे जानेवारीत आलेले मूल अपवाद ठरते. त्याची मैत्री, त्याचा मागे राहिलेला अभ्यास, त्याचे संघातले स्थान यांची कोणी मुद्दाम तजवीज करत नाही, कारण तशी गरज वर्षातून एखाद-दुसऱ्या मुलालाच पडते. जिथे सगळाच पट फिरता असतो तिथे ही तजवीज अंगवळणी पडलेली असते. म्हणून शाळा पाहायला गेल्यावर गेल्या वर्षी मध्यावधीत किती मुले आली आणि किती गेली, हे मी सर्वांत आधी विचारतो. उत्तर तोंडावर तयार असेल तर ती शाळा आपल्या कामाची.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द पाटीवर लिहायला बहुतेक देशांत कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे मान्यता पाहणे भाग पडते. आयबीचा अभ्यासक्रम शिकवायला आयबीची रीतसर मंजुरी लागते आणि तिचे ठराविक काळाने पुनर्मूल्यमापन होते. कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स किंवा अमेरिकेतील न्यू इंग्लंड आणि पश्चिम विभागाच्या मान्यता-संस्था शाळेकडून आधी स्वतःचे परीक्षण लिहून घेतात आणि मग इतर शाळांतील अनुभवी शिक्षकांचे पथक पाठवतात. ब्रिटिश सरकारने परदेशातील ब्रिटिश शाळांसाठी २०१० पासून तपासणीची योजना आखली आहे, पण तीत भाग घेणे शाळेच्या मर्जीवर असते. या सर्वांपेक्षा पालकाला अधिक उपयोगी पडते ती दुबईची पद्धत. तेथील ज्ञान व मनुष्यबळ विकास प्राधिकरण २००८ पासून खासगी शाळांची तपासणी करत आले आहे. शाळांना ‘उत्कृष्ट’पासून ‘अत्यंत कमकुवत’पर्यंत सहा श्रेणींपैकी एक श्रेणी मिळते आणि विषयवार अहवाल कोणालाही वाचता येतो. एखाद्या शाळेत गणित उत्तम आणि विज्ञान जेमतेम आहे, हे मुख्याध्यापकांच्या स्वागतपर भाषणात कधी कळणार नाही, अहवालात कळते. आमच्या ओळखीतले पालक श्रेणी पाहतात आणि अहवाल वाचत नाहीत, हे मात्र अनाकलनीय आहे.

नामांकित ब्रिटिश शाळांच्या परदेशातील शाखांविषयी एवढेच सांगावेसे वाटते की नाव एकाचे आणि चालक दुसरा, असा प्रकार तिथे सर्रास असतो. बँकॉकमध्ये १९९८ साली हॅरोच्या नावाने शाळा निघाल्यानंतर ही वाट चांगलीच रुळली. मूळ शाळा नाव वापरू देते, काही प्रमाणात देखरेख ठेवते आणि त्याचा मोबदला घेते; रोजचा कारभार स्थानिक गुंतवणूकदाराच्या कंपनीकडे असतो. अशा काही शाळा खरोखर चांगल्या आहेत, पण त्यांचे चांगलेपण त्यांच्या शिक्षकांमुळे आहे; गणवेशावरच्या मानचिन्हाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता अभ्यासक्रम. या बाबतीत सेवेला चांगले गुण द्यावे लागतात, विशेषतः शेवटच्या वर्षांसाठी. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त ७ गुण, आणि ज्ञानमीमांसा व चार हजार शब्दांचा दीर्घ निबंध यांचे मिळून ३, असे एकूण ४५ गुण होतात. उत्तरपत्रिका शाळेबाहेर तपासल्या जातात आणि शाळेत दिलेले अंतर्गत गुणही बाहेरून पडताळले जातात, त्यामुळे लिमा येथे मिळालेल्या ३६ गुणांचा अर्थ हेलसिंकी येथेही तोच लागतो. केंब्रिजची आयजीसीएसई ही साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा १९८८ पासून होत आहे आणि बारावीच्या पातळीच्या ए लेव्हलसह तिला जवळपास सर्वत्र ओळख आहे. अमेरिकी पद्धतीच्या शाळांत वर्षागणिक श्रेयांक साठत जातात, त्यामुळे दहावी-अकरावीत देश बदलण्याची वेळ आलीच तर आधीच्या वर्षांची कमाई वाया जात नाही. अत्यंत फिरत्या नोकरीच्या कुटुंबांना मी या एका गुणासाठी ती पद्धत सुचवतो. डिप्लोमाच्या दोन वर्षांच्या मध्ये शाळा बदलणे मात्र फार कठीण. नव्या शाळेत तेच सहा विषय त्याच स्तरावर (उच्च किंवा साधारण) उपलब्ध असावे लागतात, साहित्याच्या पाठ्यकृती वेगळ्या निघतात, आणि अंतर्गत प्रकल्प अर्धवट अवस्थेत सोबत न्यावे लागतात. या दोन वर्षांत बदली स्वीकारू नये, किंवा एका पालकाने मुलासह मागे राहावे, असा सल्ला अनुभवी शाळा स्वतःहून देतात. जी शाळा असा सल्ला न देता ‘काही अडचण नाही’ म्हणून बाराव्या वर्गात मूल घेते तिच्याविषयी सावध असावे.

खालच्या इयत्तांची गोष्ट निराळी आहे आणि तिकडे पालकांचे लक्ष कमी जाते. आयबीचा प्राथमिक कार्यक्रम १९९७ पासून आहे. त्यात शिकण्याची रीत सांगितलेली आहे, पण कोणत्या इयत्तेत नेमके काय शिकवायचे हे बरेचसे शाळेवर सोपवलेले आहे. एका शहरात स्थिरावलेल्या मुलासाठी ही मोकळीक गुणकारी ठरते. फिरत्या मुलाच्या वाट्याला मात्र असे येते की जलचक्रावरचा प्रकल्प तो एका शाळेत तिसरीत करतो, पुढच्या शाळेत चौथीत पुन्हा करतो, आणि अपूर्णांकांचा भागाकार आधीच्या शाळेत पुढच्या वर्षी व्हायचा असतो तर नव्या शाळेत गेल्या वर्षीच होऊन गेलेला असतो. दोन्ही शाळांच्या प्रमाणपत्रावर एकच चिन्ह असते, म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि गणितातले भगदाड सहावी-सातवीत उघडे पडते. प्रवेशाच्या वेळी शाळेने पूर्वपरीक्षा घेतली तर ती सहसा मुलाला घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी असते. त्याचे काय राहून गेले आहे हे शोधण्यासाठी ती वापरणाऱ्या शाळा थोड्या. आमच्या मुलाच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात आधीच्या शाळेची वही मागवून घेतली होती. कोणत्याही मान्यता-संस्थेने तिला तसे करायला सांगितले नव्हते.

या बाबतीत राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या परदेशी शाळा उजव्या ठरतात. फ्रान्सने १९९० मध्ये स्थापलेल्या संस्थेच्या जाळ्यात पाचशेहून अधिक शाळा आहेत. त्यांना फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची मान्यता लागते, आणि डकार येथून टोकियो येथे गेलेले मूल त्याच इयत्तेत, त्याच अभ्यासक्रमात पुढे चालू लागते. जपानी शाळांत जपानच्या शिक्षण मंत्रालयाने पाठवलेले शिक्षक असतात, मात्र बहुतेक ठिकाणी त्या नववीपाशी थांबतात. आखाती देशांतील सीबीएसईच्या शाळा याच जातीच्या. त्यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आणि शेजारच्या ब्रिटिश किंवा अमेरिकी शाळेचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ही गोष्ट एकीतून दुसरीत जाताना सहा महिन्यांचा प्रश्न होऊन बसते. वर्गांच्या क्रमांकांचाही घोळ असतोच: ब्रिटिश शाळेतील ‘सातवे वर्ष’ म्हणजे अमेरिकी शाळेतील सहावी. ज्यांना आपण शेवटी कोणत्या देशात परतणार हे पक्के ठाऊक आहे त्यांनी त्या देशाच्या शाळेचा विचार आधी करावा, आणि आंतरराष्ट्रीय शाळेचा नंतर. तिथे मुलाचे वर्तुळ काहीसे आपल्याच लोकांत राहते हे खरे, पण अभ्यासाची सलगता ही लहान गोष्ट नव्हे.

भाषा हा या सेवेचा सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सर्वांत अर्धवट सांभाळलेला भाग आहे. बहुतेक शाळांचे माध्यम इंग्रजी असते आणि पटावरील पुष्कळ मुलांची ती घरची भाषा नसते. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७०-८० च्या दशकांत दाखवून दिले की नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरती सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत इतिहासाचा उतारा समजून घेणे, विज्ञानातले कारण लिहून सांगणे, युक्तिवाद करणे यासाठी पाच ते सात वर्षे लागतात. परदेशस्थ मुलाचे एका शाळेतील वास्तव्य बहुधा याहून कमी असते. व्यवहारात असे होते की मूल दीड-दोन वर्षांत मैदानावर फडाफडा इंग्रजी बोलू लागते, शाळा समाधानाने त्याला इंग्रजीच्या साहाय्यक वर्गातून बाहेर काढते, पालकही खूश होतात कारण त्या वर्गाचे वेगळे शुल्क थांबते, आणि मग वरच्या इयत्तेत मुलाचे निबंध पोकळ का वाटतात याचे उत्तर कोणाकडेच नसते. शिक्षकांचा शेरा येतो: ‘हुशार आहे, मेहनत कमी पडते.’

म्हणून साहाय्यक वर्गाची चौकशी करताना तो आहे का, एवढे विचारून भागत नाही. मुलाला त्यातून बाहेर कशावरून काढतात, बोलण्यावरून की लिहिण्यावरून. बाहेर काढल्यावर पुढे किती काळ लक्ष ठेवतात. मदत करणारा शिक्षक विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या तासाला वर्गात येऊन बसतो की मुलाला त्या तासातून उठवून वेगळ्या खोलीत नेतात, हे विचारावे. वेगळ्या खोलीत नेण्याची पद्धत सुरुवातीचे काही महिने ठीक असते, पण पुढे तीच चालू राहिली तर मूल इंग्रजी शिकण्याच्या नादात विज्ञान गमावून बसते. आणखी एक गोष्ट अशी की इंग्रजी येत नसल्यामुळे मागे पडलेले मूल आणि शिकण्याची खरी अडचण असलेले मूल यांतील फरक ओळखायला दोन्ही जाणणारा माणूस लागतो. असा माणूस मोजक्या शाळांत भेटला. विशेष गरजा असलेल्या मुलांना प्रवेश नाकारण्याची मोकळीक अनेक देशांत खासगी शाळांना आहे, आणि ती सौम्य शब्दांत, ‘तुमच्या मुलासाठी आम्ही योग्य जागा नाही’ असे सांगून, वापरली जाते.

घरच्या भाषेचे हाल याहून वाईट. ती जपावी असे प्रत्येक शाळेचे धोरणपत्र म्हणते. आयबी तर शाळांकडून लिखित भाषाधोरण मागते. प्रत्यक्षात मातृभाषा दिनाला पोशाख, एखादे गाणे आणि भिंतीवर निरनिराळ्या लिप्यांतील ‘नमस्कार’, यापलीकडे फारसे काही घडत नाही. डिप्लोमाच्या पातळीवर एक चांगली सोय आहे, ती पालकांना सहसा कोणी सांगत नाही: शाळेत शिक्षक नसलेल्या भाषेतील साहित्याचा अभ्यास विद्यार्थी शाळेच्या देखरेखीखाली स्वतः करू शकतो आणि तो प्रथम भाषेचा विषय म्हणून, साधारण स्तरावर, धरला जातो. ही सोय आहे का असे विचारले की समन्वयक वेळापत्रकाची अडचण सांगतात. आग्रह धरला तर मार्ग निघतो. हे काम मनावर घेतले तर मोठ्या प्रमाणावरही करता येते, याचा दाखला युरोपीय संघाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या युरोपियन स्कूल्समध्ये आहे. त्यांतील पहिली शाळा १९५३ मध्ये लक्झेंबर्ग येथे सुरू झाली. तिथे भाषांनुसार वेगळे विभाग असतात, मूल मुख्यतः आपल्या भाषेत शिकते, पहिल्या प्राथमिक इयत्तेपासून दुसरी भाषा घेते आणि पुढे काही विषय त्या दुसऱ्या भाषेतून शिकते. सरकारांच्या पैशावर चालणाऱ्या व्यवस्थेला हे परवडते आणि शुल्कावर चालणाऱ्या शाळेला परवडत नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण मग धोरणपत्रातली भाषा त्या मानाने बेताची असावी.

यजमान देशाच्या भाषेविषयी थोडक्यात. संयुक्त अरब अमिरातीत अरबी आणि थायलंडमध्ये थाई शिकवणे आंतरराष्ट्रीय शाळांनाही सक्तीचे आहे, तरीही पाच वर्षे राहून भाजीवाल्याशी दोन वाक्ये बोलता न येणारी मुले सर्वत्र दिसतात. यात शाळेइतकाच पालकांच्या अनास्थेचा वाटा आहे.

शिक्षकांचा पहिला करार या शाळांत बहुधा दोन वर्षांचा असतो, आणि पुढच्या वर्षी राहणार की जाणार हे त्यांना शैक्षणिक वर्षाच्या पूर्वार्धातच कळवावे लागते. मुलेही फिरती आणि शिक्षकही फिरते, त्यामुळे शाळेची स्मरणशक्ती कोणाकडे, हा प्रश्न उरतो. माझ्या पाहण्यात ती स्थानिक कर्मचाऱ्यांकडे असते: ग्रंथालयात, कार्यालयात, साहाय्यक शिक्षिकांत वर्षानुवर्षे टिकलेली माणसे, ज्यांना परदेशातून आणलेल्या शिक्षकांप्रमाणे घरभाडे आणि विमानाची तिकिटे मिळत नाहीत. शिक्षक सरासरी किती वर्षे टिकतात आणि गेल्या दहा वर्षांत किती मुख्याध्यापक झाले, हे दोन आकडे मागावेत. पालकांनी निवडलेल्या मंडळाच्या, नफा न घेणाऱ्या शाळा मला तत्त्वतः अधिक पटतात, पण त्यांचे मंडळही बदलीच्या लोकांचेच असते, आणि नवे मंडळ आले की नवा मुख्याध्यापक, हा खेळ तिथे चालतो. नफ्यावर चालणाऱ्या साखळी शाळांत हे कमी होते; तिथे वर्गातील पटसंख्या हळूहळू वाढते. शिक्षक अनेक देशांतून फिरून आलेला असल्यामुळे त्याची पार्श्वभूमी प्रत्येक देशातून तपासली आहे का, हेही स्पष्ट विचारावे. या शाळांच्या संघटनांनी २०१४ मध्ये बालसंरक्षणासाठी संयुक्त कृतिदल स्थापन केल्यापासून चांगल्या शाळा या प्रश्नाने नाराज होत नाहीत.

शुल्काच्या बाबतीत वार्षिक शिकवणीचा आकडा हा केवळ प्रारंभ असतो. अर्जाचे शुल्क, पूर्वपरीक्षेचे शुल्क, नोंदणी, अनामत, इमारत निधी, इंग्रजीच्या साहाय्यक वर्गाचे शुल्क, बस, परीक्षा, सहली आणि संगणक हे सारे त्यावर चढते. हाँगकाँगमध्ये अनेक शाळा भांडवली आकार घेतात किंवा पालकांना शाळेचे रोखे विकत घ्यायला लावतात. काहींचे पैसे परत मिळतात, काहींचे मूल्य दरवर्षी घटत जाते आणि काहींचे परत मिळतच नाहीत, म्हणून रोख्याच्या अटी शुल्कपत्रकापेक्षा अधिक काळजीने वाचाव्यात. कंपनी पैसे भरते आहे तोवर कोणी वाचत नाही, आणि ज्या दिवशी कंपनी परदेशस्थ भत्ते बंद करून स्थानिक पगार देऊ लागते त्या दिवशी मूल दहावीत असते.

माझा मुख्य आक्षेप मात्र शाळा सोडण्याच्या सूचनेच्या अटीला आहे. बहुतेक शाळा एका सत्राची आगाऊ सूचना मागतात आणि ती न दिल्यास अनामत जप्त होते किंवा पुढच्या सत्राचे शुल्क आकारले जाते. बदलीचे आदेश एवढ्या आधी येत नाहीत, हे या शाळांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? सिंगापूरमध्ये परदेशी भाडेकरूच्या घरभाडे करारात बदली झाल्यास मुदतीपूर्वी घर सोडण्याची मुभा देणारे कलम सर्रास असते. घरमालकाला जे सुचले ते शाळेच्या करारात मी क्वचितच पाहिले आहे. तिथल्या खासगी शाळांच्या प्रमाणित करारात सही केल्यानंतर सात कामकाजी दिवसांत माघार घेण्याची सोय मात्र आहे. इतरत्र प्रवेशाच्या वेळी, म्हणजे शाळेला मूल हवे असते तेव्हा, बदलीचे कलम लेखी मागून पाहावे. एका शाळेने आम्हाला ते दिले; दुसऱ्या एका शाळेने, नियम सर्वांना सारखे, असे उत्तर पाठवले आणि वर्षभरात अनामत ठेवून घेतली.

मुलाच्या येण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी बरी असते. सोबतीला एक वर्गमित्र नेमला जातो, शाळेची फेरी होते, समुपदेशक पहिल्या महिन्यात भेटतो. जाण्याची व्यवस्था म्हणजे एक फॉर्म: ग्रंथालयाची पुस्तके परत, संगणक परत, थकबाकी नाही, सही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात अशा मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांना ‘तिसऱ्या संस्कृतीतील मुले’ हे नाव दिले. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाची एक साधी रीत मांडली, की जाण्यापूर्वी भांडणे मिटवावीत, ज्यांचे ऋण आहे त्यांना ते सांगावे, माणसांचा आणि जागांचा नीट निरोप घ्यावा, आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार करावा. हे कित्येक शाळांच्या समुपदेशकांना पाठ असते. तरी शेवटच्या आठवड्यात मुलाचे नाव हजेरीपटावरून आणि गटाच्या यादीवरून आधीच काढलेले असते, संघातली जागा दुसऱ्याला दिलेली असते. मागे राहणाऱ्या मुलांचा विचार तर त्याहून कमी होतो. दरवर्षी जूनमध्ये जिवलग मित्र गमावणारे मूल काही वर्षांनी नव्या मुलाशी मैत्री करायचेच टाळू लागते, आणि मग नवे मूल एकटे का पडते याची चर्चा सप्टेंबरात पालकसभेत होते.

कागदपत्रांची बाजू पालकांनाच सांभाळावी लागते. गुणपत्रिकेबरोबर श्रेणींचा अर्थ सांगणारा तक्ता, प्रत्येक विषयात काय शिकवले याचे वर्णन, प्रमाणित चाचण्यांचे निकाल, इंग्रजीच्या साहाय्यक वर्गातील स्तर आणि विशेष मदत मिळत असल्यास तिचा आराखडा, हे सर्व शाळेच्या शिक्क्यासह निघण्यापूर्वी घ्यावे. आखाती देशांत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अधिकृत साक्षांकनाची मागणी होते आणि ते दुसऱ्या देशात गेल्यावर मिळवणे जिकिरीचे असते. वह्या टाकू नयेत.

राहता राहिला प्रश्न हा की ही सेवा कोणी घ्यावी. मूल परीक्षांच्या शेवटच्या चार वर्षांत असेल किंवा पुढचा मुक्काम कुठे हे मुळीच ठाऊक नसेल, तर या शाळांना पर्याय नाही आणि त्यांचे दोष पदरात घेऊन त्या स्वीकाराव्यात. मूल सात-आठ वर्षांच्या आतले असेल, मुक्काम चार-पाच वर्षांचा असेल आणि देशातील सरकारी शाळा चांगल्या असतील, तर स्थानिक शाळा आधी पाहावी. जिनिव्हाच्या सरकारी शाळांत नवागत मुलांसाठी स्वागतवर्ग असतात, बर्लिनमध्येही असे वर्ग आहेत, आणि तिथे मूल देशाची भाषा खरोखर शिकते. नेदरलँड्समध्ये तर मधला मार्ग उपलब्ध आहे: तेथील काही आंतरराष्ट्रीय शाळांना सरकारी अनुदान मिळते आणि त्यांचे शुल्क पूर्णपणे खासगी शाळांच्या मानाने बरेच कमी असते. त्यासाठी पालकाची नोकरी तात्पुरत्या मुक्कामाची आहे असे नोकरी देणाऱ्या संस्थेचे पत्र अर्जाला जोडावे लागते, आणि मोठ्या शहरांतील अशा शाळांची प्रतीक्षायादी लांब असल्यामुळे घर शोधण्याच्या आधी अर्ज केलेला बरा.